मागच्या फाटकाची मोजणी

कौशल्याबाईंनी कागद वाचला, चष्मा काढला आणि सोसायटीच्या सेक्रेटरींकडे पाहिलं.

"श्रीनिवासराव, ही वीस माणसं तुम्हाला भेटली कुठं?"

"बागेत. फिरायला येतात ती. वीसपैकी चौदा म्हणाले, मागचं फाटक बंद करा. सत्तर टक्के झाले की."

"घरं दोनशे चाळीस आहेत."

"मग?"

बाईंनी तीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं होतं. हे 'मग?' त्यांनी दर वर्षी ऐकलं होतं आणि दर वर्षी त्यांचं डोकं तितकंच तापलं होतं.

"वीसच जणांत सत्तर टक्के निघाले, तर खरा आकडा पन्नासही असू शकतो, नव्वदही. त्यातून तुम्ही विचारलंत बागेतल्यांनाच. चिठ्ठ्या टाकून एकशेवीस घरं काढा, मग बोलू."

"काढा तुम्हीच. वेळ आहे तुमच्याकडे," श्रीनिवासराव म्हणाले.

बाईंनी चिठ्ठ्या काढल्या. कारण फाटकामागच्या वस्तीतली मथुराबाई दारात येऊन गेली होती. धायरीतल्या ज्या शेतांवर ही सोसायटी उभी राहिली, त्यातलं एक तिच्या सासऱ्यांचं. तिची नातवंडं त्याच फाटकातून शाळेत जात.

"बंद करणार हाय म्हणत्यात. मग पोरांनी डंपरच्या रस्त्यानं जायाचं का वो?"

"अजून काही ठरलेलं नाही," बाईंनी सांगितलं होतं. सगळ्यांना नीट विचारलं, तर उत्तर बदलेल, याची त्यांना खात्री होती.

साठ घरं त्यांनी घेतली, साठ तिसऱ्या मजल्यावरच्या नम्रतानं. ती हिंजवडीच्या ऑफिसातून दमून यायची, तरी यादी पुरी करायची. बाईंच्या वाट्याला नऊ दिवस नुसता वैताग आला. एकानं दार न उघडताच विचारलं, "पार्किंगचं आहे का?" एकीनं सुचवलं, "काकू, ग्रुपवर पोल टाका ना." एका गृहस्थांनी पाऊण तास लिफ्टबद्दल सांगितलं आणि फाटकावर मत नाही म्हणाले. बाई पुन्हा गेल्या, तिसऱ्यांदा गेल्या, मत घेऊनच आल्या. रोज दुपारी जेवताना त्या हे सगळं नवऱ्याला ऐकवत. अनंतराव वरणभात कालवत "हं" म्हणत.

दहाव्या दिवशी सकाळी त्यांनी जेवणाच्या टेबलावर कागदांचे दोन गठ्ठे केले. मोजले. पुन्हा मोजले. बंद करा म्हणणारे त्र्याऐंशी. एकोणसत्तर टक्के, आणि आता चूक धरली तरी फार तर सहा-सात टक्के इकडे-तिकडे. पन्नासच्या जवळपासही येत नव्हतं. श्रीनिवासरावांनी बागेत उभ्या उभ्या काढलेला आकडाच त्यांनी नऊ दिवस जिने चढून पक्का केला होता.

त्यांनी 'बंद करा'चा गठ्ठा तिसऱ्यांदा उचलला. नम्रताच्या कागदांत एकावर घराचा नंबर होता चारशे सात. त्यांचाच. चिठ्ठीत आपलं घर निघालं, तेव्हा त्यांनीच ते नम्रताकडे दिलं होतं, घरच्या घरी विचारणं बरं नाही म्हणून. उत्तराखाली अनंतरावांची बारीक, तिरकी सही होती.

तो कागद होता त्याच गठ्ठ्यात ठेवून त्यांनी तक्त्यात आकडा लिहिला.

अनंतराव दोन कप चहा घेऊन बाहेर आले.

"किती झाले?"

"त्र्याऐंशी. तुमच्यासकट."

त्यांनी कप खाली ठेवले. एकातला चहा बशीत सांडला होता, तो कप स्वतःपुढे ओढला.

"मला सांगायचं होतंत," बाई म्हणाल्या.

"नम्रतानं विचारलं, सांगितलं." त्यांनी बशी पुसली. "तू विचारलं नव्हतंस."

बाईंनी दोन्ही गठ्ठे बाजूला सरकवले आणि खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"बरं, आता विचारते," त्या म्हणाल्या. "का बंद करायचं?"