पोटाखालची तार

मी विमानातली पेटी बोलतेय. विमान म्हणजे ते तीनशे माणसांचं नव्हे हो, दोघं बसले की भरलं, असलं. त्यातली मी वीतभर, काळ्या तोंडाची. ट्रान्सपॉन्डर म्हणतात मला. युसूफ वडगावात ते नाव कुणाच्या जिभेवर बसलं नाही. तिथं मी 'जबाब देणारी पेटी'.

काम एवढंच. खालून विमानतळाचं यंत्र विचारतं, "कोण? किती उंचावर?" मी सांगते. त्यावरून खाली कळतं, आपलं माणूस कुठं आहे. जबाब दिला की माझ्या तोंडावरचा बारका दिवा लुकलुकतो. विचारल्याशिवाय मात्र मला एक अक्षर बोलता येत नाही. तेच माझं दुखणं आहे, पुढं कळेल.

जन्म परदेशातला. तिकडं शिकाऊ पोरांच्या विमानात वर्षानुवर्षं जबाब दिले. मग ते विमान मोडीत निघालं, आणि इकडं बाहेरच्या मालाला दारं उघडली तशी मी खोक्यात बसून मुंबईला आले.

तिथं एका दुकानात मोहनराव आले. वडगावची जमीन, कापसाची जिनिंग, राजकारणातली ऊठबस, सगळं असलेला माणूस. मुलाच्या, रविराजच्या हौसेपायी त्यांनी जुनं विमान घेतलं होतं आणि घरामागच्या माळावर मुरूम टाकून धावपट्टी केली होती. पण मोठ्या विमानतळाकडं जायचं तर जबाब देणारी पेटी पाहिजे, असा कागद आला. आणि कागदाआधी घरातून हुकूम आला होता. रविराजच्या आई, सत्यभामाबाई, म्हणाल्या होत्या, "खाली कुणाला तरी रवि दिसत असंल तरच मुंबईला जाऊ देईन. न्हाईतर न्हाई."

पारख करायला सोबत केजचे ईश्वरप्पा. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान त्यांचं. काउंटरवर आम्ही तिघी मांडलेल्या. एक कोरी करकरीत, माझ्याच घराण्यातली. दुसरी उपग्रहावरून जागा दाखवणारी, नकाशाची. तिसरी मी, कोपरे झिजलेली.

मोहनरावांचा डोळा नकाशावर. "हीच घे. आपुन कुठं हाओत ते दिसतंय की!"

"मालक, आपल्याला दिसून काय फायदा? दुसऱ्याला दिसाया पायजे. बैलगाडीखाली कंदील टांगतो, तो काय बैलासाठी?"

"मग ती कोरी घेऊ."

"ती लई महाग. आन काम हिच्याएवढंच. ही जुनी घ्या आन वाचलेल्या पैशात उंची मोजायची डबी घ्या. डबी न्हाई जोडली तर ही 'इथं हाय' म्हनंल, 'किती वर' ते सांगनार न्हाई. अर्धा जबाब काय कामाचा?"

"पर जुनं ते जुनंच बे."

"आन तुमचं विमान काय काल जन्मलंय?"

मोहनराव हसले. डबीसकट मला घेतलं.

पहिले सहा महिने सोन्याचे गेले. बीडच्या माळावरून उडताना मला कुणी विचारत नसे. मुंबईकडचा घाट जवळ आला की पहिला प्रश्न यायचा, "कोण?" काय सांगू, माहेरचं माणूस भेटल्यासारखं व्हायचं. परत आल्यावर सत्यभामाबाई आधी पोराला विचारायच्या, "दिसलास का रे त्यांना?" तो म्हणायचा, "पेटी हाय ना आई. बोलती ती." मग त्या जेवायला बसायच्या.

आता चतुराबाई. मोहनरावांच्या शेजारीण. कोण आलं, कोण गेलं, पिशवीत काय, सगळं विचारणार. लोक वैतागतात, पण मला बाई आवडायची. विचारणारं माणूस मला आवडणारच की.

दिवाळीनंतर वडवणीच्या बाजारात तिला कुणी म्हणालं, "मोहनरावाच्या विमानावर लोकांचा लई डोळा हाय." झालं. दुसऱ्या दिवशी बाई माळावर. लिंबू-मिरची पुढं पंख्याला बांधता येईना. वाकून बघितलं, तर पोटाखाली बोटभर काडी, टोकाला गोळी. जणू लिंबासाठीच केलेली! सुतळी वाऱ्यानं तुटेल म्हणून तिनं बांधायची लोखंडी तार घेतली, काडीला सात वेढे दिले आणि टोक शेजारच्या स्क्रूला पक्कं पिळलं.

ती काडी म्हणजे माझा कान आणि माझं तोंड. तारेनं ती विमानाच्या पत्र्याला जखडली आणि मी एका क्षणात बहिरी झाले, मुकी झाले. लिंबू-मिरची पहिल्याच उड्डाणात उडून गेली. तार राहिली. रविराज तेल बघायचा, चाकं बघायचा. पोटाखाली कोण वाकतंय?

पुढं मुंबईला निघालो, त्या दिवशी घाटावर धुरकट होतं. मी प्रश्नाची वाट बघत होते. येईना. रेडिओवर माणूस ओरडत होता, "तुमची पेटी लावा, तुम्ही दिसत नाही!" रविराजनं माझं बटण चार वेळा फिरवलं. माझा दिवा मेलेला. आणि धुरक्यातून एक मोठं विमान एवढं जवळून गेलं, की त्याच्या खिडक्या मोजता आल्या असत्या. आमचं विमान पानासारखं हललं. रविराज तिथूनच मागं फिरला.

परत आल्यावर त्यानं घडलं ते सांगितलं. मोहनराव गरजले, "जुना माल! म्हनलो नव्हतो मी?" ईश्वरप्पांनी चूक पदरात घेतली. त्यांनीच मुंबईहून कोरी पेटी आणून दिली. रविराजनं एक स्क्रू फिरवून मला ओढलं आणि माझ्या खाचेत तिला बसवलं. तार तशीच असताना तिचाही दिवा लागणार नाही, हे मला ठाऊक होतं. पण मला विचारलं कुणी?

चार दिवसांनी ईश्वरप्पा मला परत करायला मुंबईच्या दुकानात गेले. तिथल्या कारागिरानं तपासणीचं यंत्र लावलं. यंत्रानं विचारलं, "कोण?" माझा दिवा असा लुकलुकला, की ईश्वरप्पांचं तोंड उघडंच राहिलं. "ही तर बोलती! मग तिथं कावून न्हाई बोलली?"

कारागीर म्हणाला, "खालची काडी बघितली का?"

ईश्वरप्पा मला काखेत मारून एसटीडी बूथमध्ये घुसले. सत्यभामाबाईंनीच फोन उचलला.

"वहिनी, रविराज कुठं हाय?"

"आत्ताच माळावर गेलाय. मुंबईला निघालाय. कावून?"

"इमानाच्या पोटाखाली काई बांधलंय का?"

पलीकडं चतुराबाई बसलेलीच असणार. तिचा आवाज आला, "अगं बया! म्या बांधलीया की... तारंनं."

मग रिसीव्हर कशावर तरी आपटला. पावलं धावत गेली. लांबून इंजिनाचा आवाज सुरू झाला, वाढला. बूथमध्ये बिलाचे लाल आकडे पळत होते. ईश्वरप्पांचा घाम माझ्यावर टपकत होता. त्यात चतुराबाईची किंकाळी, "भामे, आडवी होऊ नगंस! पंखा हाय पुढं!"

आणि इंजिन बंद पडलं.

ईश्वरप्पांनी "वहिनी, वहिनी" करून हाका मारल्या. शेवटी धापा टाकत सत्यभामाबाई फोनवर आल्या. "थांबवला," एवढंच म्हणाल्या. मग त्यांना रडूच आलं. मागं रविराज ओरडत होता, "आई, येडी झालीस का?" आणि चतुराबाई त्याच्यावर, "मला बोल, तिला नगं! चूक माझी हाय."

तार निघाली. कोरी पेटी बोलायला लागली. मला परत बसवा, असं कुणी म्हणालं नाही. म्हणायचं कारणही नव्हतं. ईश्वरप्पांनी मात्र मला परत केलं नाही. केजच्या दुकानात, जुन्या रेडिओंच्या रांगेत मी असते. वीज नाही, काडी नाही.

चतुराबाई केजला आली की दुकानात डोकावते. आता कुठंही काही बांधायच्या आधी ती दहा जणांना विचारते म्हणे. माझ्यासमोर उभी राहते, पदरानं धूळ पुसते. "काय गं, बरी हाईस ना? माफ केलंस का मला?"

दिवा लावायला माझ्यात वीज नाही, बाई. पण तू विचारलंस. केलं माफ. विचारत जा, बाई, विचारत जा.