बारा किलो आणि दोन दिवस

वहिनी कवळ्या बनवायच्या. घराच्या मागच्या खोलीत त्यांचं काम चाले. फळीवर ओळीनं प्लास्टरचे जबडे, खिडकीशी घासायचं यंत्र, आणि सगळ्यावर पिठासारखी पांढरी भुकटी. तिथेच एका दुपारी ताई, म्हणजे त्यांची नणंद, नकाशा घेऊन घुसल्या. शाळेत चाळीस वर्षं भूगोल शिकवून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या.

"वहिनी, हे बघ." ताईंनी जबडे बाजूला सारून नकाशा पसरला. अगदी खाली, पृथ्वीच्या दक्षिण टोकाशी, रस्त्याची तांबडी रेघ एका गावाशी संपत होती. त्यापुढे नुसतं जंगल, दलदल, बर्फाचे डोंगर. "चाळीस वर्षं पोरांना हे फळ्यावर काढून दाखवलं. आता पायांनी बघायचंय. येतेस?"

वहिनींनी हातातली कवळी खाली ठेवली. त्यांचं वय छप्पन्न, ताईंचं एकसष्ट. "कधी निघायचं?" एवढंच त्यांनी विचारलं.

त्या शेवटच्या गावात एक वाटाड्या होता, मूळचा आपल्याकडचाच, मराठी बोलणारा. लोकांना सहा दिवस जंगलातून चालवत बर्फापर्यंत नेणारा. फोन लागायला तीन दिवस गेले. लागला तेव्हा त्यानं दोघींची वयं विचारली आणि सरळ सांगून टाकलं, "पन्नाशीच्या वरच्या माणशांना मी नेत नाही. शॉरी."

ताईंचं तोंड एवढंसं झालं. वहिनी मात्र कान टवकारून ऐकत होत्या. त्यांनी फोन आपल्याकडे घेतला. "रागावू नका हं, पण तुमची वरची कवळी बोलताना खाली घसरते का?"

पलीकडून प्रश्न आला, "कुणी शांगितलं?"

"तुमच्या 'स'नं सांगितलं. किती दिवस झाले?"

"दीड वर्ष. इथून दातांचा दवाखाना दोन दिवशांवर आहे, बाई. पण दातांचा आणि चालण्याचा काय शंबंध?"

"काहीच नाही. कवळीला आतून नवं अस्तर लावावं लागेल, कोटाला लावतात तसं. कसं लावायचं ते तुमच्या दवाखान्याला मी लिहून पाठवते, आम्हाला न्या किंवा नका नेऊ. चालण्याचं वेगळं बोलू."

वाटाड्या जरा विरघळला. "बरं. पाठीवर बारा किलो, रोज वीश किलोमीटर, लागोपाठ दोन दिवश. चढ-उतार हवेत. जमलं तर फोन करा. आणि खरं शांगा."

झालं, घराची छावणी झाली! सॅकमध्ये प्लास्टरच्या पुड्या भरल्या. वहिनींचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे, त्यामुळे काटेकोरपणा त्यांच्या रक्तातच. वजनकाट्यावर दोन्ही सॅक चढवून ते म्हणाले, "ताई, तुझ्यात पन्नास ग्रॅम कमी आहेत." ताईंनी मुकाट्यानं साबणाची वडी आत टाकली.

पहिला दिवस मजेत गेला. पाण्याच्या टाकीची टेकडी तीनदा चढून झाली. यजमान सायकलवरून चहाचा थर्मास घेऊन मागेमागे. ओळखीच्या दुकानदारानं विचारलं, "घर सोडून चाललात की काय?" तर वहिनी म्हणाल्या, "हो, पण जेवायला परत येऊ!"

दुसऱ्या दिवशी पंधराव्या किलोमीटरला ताई बाकावर बसल्या त्या बसल्याच. बूट काढला तर टाचेवर लिंबाएवढा फोड. "संपलं," त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते फोडामुळे नव्हतं.

बहिणीचे हाल भावाला बघवेनात. "सायकलवर बस. पाचच किलोमीटर राहिलेत. त्याला कुठं कळणार आहे?"

ताई ताडकन उठल्या. "चाळीस वर्षं मी पोरांना कॉपी करताना पकडलं, आणि आता मीच करू? काढ तुझ्या चपला!"

भावानं निमूट चपला काढून दिल्या. वहिनींनी फोडावर पट्टी चिकटवली, बूट आपल्या सॅकला बांधायला घेतले, तर ताईंनी तेही हिसकावले. "माझं वजन मी नेणार." आणि मग त्या दोन नंबर मोठ्या चपला फटाक फटाक वाजवत निघाल्या. वहिनी शेजारून पावलाला पाऊल लावून चालत होत्या. आपल्याला गुडघे आहेत हेच त्या विसरल्या होत्या. असं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

संध्याकाळी फोन केला. ताईंनी फोडासकट, चपलांसकट सगळं सांगितलं. वाटाड्या हसायला लागला, आणि हसता हसता पलीकडे काहीतरी टणकन जमिनीवर पडलं. थोडी खुडबूड झाली. मग आवाज आला, "या. पुढच्या महिन्यात, दहा तारखेला. आणि ते अश्तर तुम्हीच घेऊन या, बाई. शुद्ध बोलून दीड वर्ष झालं."

दोघी नणंदा-भावजया खोलीतल्या खोलीत गरगर नाचल्या. पांढरी भुकटी ढगासारखी उडाली.

यजमान दारात शिंकत उभे होते. जरा घुटमळून म्हणाले, "मी काय म्हणतो, तंबू तिघांचा मिळतो का?"

"मिळतो ना," वहिनी म्हणाल्या, "पण घोरणाऱ्यानं दाराशी झोपायचं."

"मग ताईच झोपेल दाराशी," यजमान म्हणाले, आणि घोरतं नेमकं कोण यावरून तिघांची जी जुंपली, ती जेवणं होईपर्यंत चालली.