मुंग्यांची पूड

"मावशी, ही पांढरी पूड कुणी टाकली?"

"मीच," मावशी फुशारकीने म्हणाल्या. "केवढ्या मुंग्या झाल्या होत्या! पेटीचं झाकण उघडून चांगली आतपर्यंत भुरभुरली. आता औषधाला सापडायची नाही."

मॅडमनी भिंग उचलून पेटीकडे धाव घेतली. या प्रयोगशाळेत अभ्यासासाठी मुंग्या पाळतात हे मावशींना आत्ता कळलं; आधी कुणी सांगितलंच नव्हतं. त्या कालच कामावर लागलेल्या. नवरा गेल्यापासून धुणीभांडी करून हात झिजवले, तेव्हा कुठे ही कायमची नोकरी मिळाली, आणि दुसऱ्याच दिवशी तिच्यावर पाणी सोडायची वेळ! मावशींच्या तोंडचं पाणी पळालं.

"विष नाही हे," मॅडम भिंगातून बघत म्हणाल्या. "मुंगीच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो. त्याने अंगातलं पाणी टिकतं. ही पूड ते मेण शोषून घेते. मग मुंगी वाळून मरते."

"साबणाने माझे हात फुटतात, तसंच की हो."

मॅडमनी त्यांच्या हातांकडे पाहिलं. "अगदी तसंच. हा मऊ ब्रश घ्या. पूड झाडायची, ओला कापूस आत ठेवायचा. राणी वाचली पाहिजे मावशी, अंडी तीच घालते. ती गेली तर सगळं वारूळ गेलं आणि माझं इतक्या वर्षांचं कामही."

दोघी पेटीवर ओणव्या झाल्या. वाचलेल्या मुंग्या एकमेकींना चाटत होत्या. मेण असंच सगळ्यांच्या अंगाला लागतं, मॅडम म्हणाल्या. मावशी मनातल्या मनात त्या न पाहिलेल्या राणीसाठी करुणा भाकत होत्या.

दुपार कलली आणि कापसाखालून एक जाडजूड मुंगी सावकाश बाहेर आली.

"हीच का हो?"

"हीच!"

"सुखरूप आहे बाळंतीण!" मावशी ओरडल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला. दोघी हसत सुटल्या, हसता हसता मावशींचे डोळे भरून आले.

तेवढ्यात प्रयोगशाळेचे मोठे साहेब दारात. "काय चाललंय? पूड कुणी टाकली?"

मावशींनी तोंड उघडलं.

"यांना सांगायचं मीच विसरले, सर," मॅडम म्हणाल्या. "राणी दोघींनी मिळून वाचवली."

साहेब मान डोलावून गेले. पेटीतल्या मेलेल्या मुंग्या तेवढ्या काढायच्या उरल्या होत्या. मावशींनी झाडू बाजूला ठेवला, ब्रशने एकेक उचलून कागदावर घेतली.

"मॅडम," त्यांनी हळूच विचारलं, "या कुठे ठेवू?"