बोक्याचा डावा कान

मी बोका बोलतोय. नावावर जाऊ नका, जातीने मी कुत्राच आहे, तोही संगणकाच्या पडद्यातला. मला हाडं नाहीत, मांस नाही. अपमान मात्र आहे.

मला घडवलं ताईंच्या नवऱ्याने. श्वानप्रदर्शनाचा खेळ होता. आपापला कुत्रा तयार करायचा, रिंगणात चालवायचा, परीक्षक गुण देणार. त्यांच्याकडे पूर्वी खराखुरा कुत्रा होता. त्याचं नाव बोका ठेवणारा माणूस तो! त्या बोक्याचा डावा कान पडलेला, म्हणून माझाही पाडला. तो चालता चालता थांबून मागे वळायचा, मालक येतोय ना म्हणून. ती खोडही त्यांनी मला लावली. दर वेळी हरलो की ते म्हणायचे, "हा एक दिवस पहिला येणार."

आता ते नाहीत. त्यांच्या खुर्चीत ताई बसतात. ताईंना हा खेळ कधीच आवडला नव्हता, पण ते वाक्य त्यांनी जपलंय. एकदा, एकदाच मी पहिला यावा, एवढंच त्यांना हवंय.

पण यावं कसं? परीक्षकही माझ्यासारखेच, पडद्यातले. मिशीवाल्याला ताठ कान लागतात. टोपीवालीचा जीव झुपकेदार शेपटीत. नियमांत लिहिलंय, 'सर्वोत्तम कुत्रा निवडावा'. सर्वोत्तम कसला, खुर्चीतल्याच्या मनात भरेल तो! काल पहिला आलेला आज शेवटून दुसरा येतो. कुत्रा तोच, परीक्षक बदललेला. आणि माणसं तरी काय? आधी परीक्षक कोण ते बघतात, मग कुत्रा घडवतात. रिंगणात सगळी एका आईची पोरं वाटतात.

ताईंची धाकटी बहीण रविवारी येते. मला बघून कपाळाला हात लावते.

"अगं ताई, कान उभा कर त्याचा. एक बटण तर दाबायचंय."

"मग तो बोका कसला?"

"बसा मग दोघं हरत!"

"हे पण हरायचेच की."

"भाऊजींचं सोड. ते हरूनही शीळ घालत उठायचे."

ताई हसल्या.

अशात एक नवा परीक्षक आला, बुटका. त्याने पहिल्याच प्रदर्शनात डावा कान पडलेला कुत्रा निवडला. ताई खुर्चीतून उठल्याच! पुढच्या रविवारी त्यांनी मला रिंगणात उतरवलं. आणि बघतो तर काय, सगळ्यांचे डावे कान पडलेले! कालपर्यंत मला हसणाऱ्यांचेसुद्धा. मायेने दिलेलं माझं दिसण्यातलं एकुलतं एक वेगळेपण, लोकांनी बटण दाबून उचललं.

ताई पडद्याजवळ वाकल्या. "अगं, आपला कुठला यातला?"

"मला काय विचारतेस? सगळे सारखेच."

चाल सुरू झाली. अर्ध्या रिंगणात मी थांबलो आणि मागे वळलो.

"हा! हा बघ आपला!" ताई ओरडल्या.

कानाचे गुण पूर्ण मिळाले, चालीचे सगळे कापले. मी शेवटचा आलो.

"आता ही मागे बघायची खोड तेवढी काढ," बहीण म्हणाली. "कान तर चालून गेला. पुढच्या वेळी पहिला, लिहून देते."

ती खरं तेच बोलत होती. ताईंनी खोडींचं पान उघडलं. बटणाशी बोट नेलं. मला ना भुंकता येत होतं, ना पळता.

"आणि मग त्या गर्दीत मी याला शोधू कशी?" ताई म्हणाल्या, आणि त्यांनी पान मिटलं.

बहिणीने नुसतं ताईंच्या पाठीमागची उशी सारखी केली.

माझा राग गेलेला नाही. परीक्षकमहाशय, मी कुणासाठी वळतो याला तुमच्याकडे गुण नसतील, तर निदान कापू तरी नका. पण तुम्ही कापणार, आणि पुढच्या रविवारीही मी अर्ध्या रिंगणात थांबणार. वळलो की मला खुर्ची दिसते. हल्ली तिच्यात ताई असतात.