मी धर्माची कोळशावरची लॉरी

मी लॉरी. शहापूरच्या एका गॅरेजमागे विटांवर उभी आहे. चाकं गेली, दिवे गेले, बॉनेटखाली चिमण्यांनी संसार थाटलाय. येणारेजाणारे मला खटारा म्हणतात. म्हणोत बापडे. माझी एक गोष्ट तेवढी ऐका.

माझा सांगाडा १९३६ साली मुंबई बंदरात उतरला. कल्याणच्या सुतारांनी वर लाकडी केबिन चढवली, बाजूंना ताडपत्रीचे पडदे लावले. मी मुरबाडचं भात वाहिलं, कसाऱ्याकडचं लाकूड वाहिलं. पहिल्या दोन ड्रायव्हरांबद्दल न बोललेलंच बरं. मग धर्मा आला, आणि मला माणूस मिळाला.

धर्मा शहापूरजवळच्या एका खेड्यातला. पहाटे मला पुसून काढल्याशिवाय तो चहा घेत नसे. दिवसभर राबायचा, पण जीव सगळा घरात, बायको सुंदरा आणि सहा वर्षांची मैना यांच्यात. कुठेही गेला तरी मैनेसाठी करवंदं नाहीतर बोरं सीटखाली ठेवलेली असायचीच.

लढाई पेटली आणि पेट्रोल मिळेनासं झालं. तेव्हा माझ्या केबिनच्या पाठीला माणसाएवढी लोखंडी टाकी बसवली. तिच्यात कोळसा धुमसायचा आणि त्याच्या वायूवर माझं इंजिन चालायचं. चालायचं कसलं, चढ आला की रडायचं! टाकी विझली तर पुन्हा पेटवायला अर्धा तास हातपंखा फिरवावा लागे. म्हणून वाटेत थांबलं तरी ड्रायव्हर टाकी धुमसती ठेवत. धर्माही ठेवायचा.

१९४४च्या पौषात म्हशाच्या जत्रेतून घोंगड्यांचे गठ्ठे आणायचे होते. धर्मानं सुंदराला आणि मैनेला जत्रा दाखवायला सोबत नेलं. परतताना उजाडत होतं आणि थंडी अशी, की माझा पत्रासुद्धा आखडला होता. किन्हवलीच्या दुकानात निम्मे गठ्ठे उतरवायचे होते. मायलेकी केबिनमध्ये कुडकुडत होत्या.

"आतच बसा गो," धर्मा म्हणाला. "भायेर लय गारठा हाय."

"माझं डोकं जड झालंय," सुंदरा म्हणाली.

"जत्रेत झोप नाय झाली ना, म्हणून. पड जरा."

त्यानं पडदे खाली ओढून दोऱ्या करकचून बांधल्या. तरी टाकीच्या बाजूच्या फटीतून वारा येत होता. मग त्यानं नवं घोंगडं घेतलं आणि उरलेल्या सगळ्या फटी बुजवल्या. किती मायेनं बुजवल्या! बोटांनी चाचपून चाचपून.

माझ्या टाकीचं झाकण सैल झालं होतं. इंजिन बंद, आत कोळसा धुमसतोय, आणि वायू झिरपून फळ्यांमधून केबिनमध्ये येतोय. त्याला ना रंग ना वास. मी त्या दोघींना मारत होते आणि मला हे कळत होतं. पडदा फडकवावा म्हटलं, तर दोऱ्या घट्ट. मैना आधी चुळबुळत होती. मग तिचा हात सीटवरून खाली लोंबला, आणि तसाच राहिला.

धर्मा परत आला. हाका मारल्या, हलवलं. कुणी डोळा उघडेना.

"गारठल्या! थंडीनं गारठल्या!" तो ओरडला. त्यानं दोघींना आणखी एकेका घोंगड्यात गुंडाळलं, पडद्याच्या दोऱ्या पुन्हा आवळल्या, टाकीत कोळसा ओतला आणि शहापूरच्या दवाखान्याकडे मला पिटाळलं. दवाखाना आठ कोस. त्याचंही डोकं ठणकत होतं, पण त्याला वाटलं, भीतीनं.

तिथवर जिवंत पोचणार कोण होतं? इंजिन माझं कधी ऐकायचं नाही. पण त्या सकाळी, पहिल्याच चढावर, मी बंद पडले. कोळसा दमट होता म्हणा. मी मात्र सगळं बळ लावून थांबले, असं मला आजही वाटतं.

धर्मानं मला लाथ घातली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "आजच मेलीस काय गो, रांडं!" असं म्हणत तो हातपंख्याकडे धावला.

रस्त्याच्या कडेला जंगलात कोळशाची भट्टी लागलेली होती. धाकलू नावाचा कोळसेवाला माती थापत होता. आरडाओरडा ऐकून तो आला, पडदा सोडून आत वाकला आणि तसाच मागे सरला.

"अरे, थंडी नाय ही! कोळशाचा वायू लागलाय. भट्टीशी निजलेला माणूस असाच जातो. काढ त्यांना भायेर! वाऱ्यावर काढ!"

"वाऱ्यावर? मरतील रे!"

"आत मरतील! काढ!"

धर्मानं घोंगडी ओरबाडून फेकली आणि दोघींना उघड्या माळावर आणून ठेवलं. गार वारा सुटला होता. धाकलू पालथ्या हातानं मैनेच्या पाठीवर थापट्या मारत राहिला. सुंदरा हलली, ओकली. मैना हलेना. धर्मा तिची पावलं चोळत होता आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होता, मला ऐकू आलं नाही.

कितीतरी वेळानं मैना खोकली. मग रडली. "बा, थंडी वाजते."

धर्मा तिथंच मातीत बसला आणि हमसून हमसून रडला.

त्याच दिवशी त्यानं माझे पडदे फाडून काढले. पुढचे दोन हिवाळे आणि दोन पावसाळे उघड्यावर भिजत, कुडकुडत गाडी हाकली. घरच्यांना पुन्हा माझ्यात बसवलं नाही. नाक्यावर प्रत्येक ड्रायव्हरला सांगायचा, "घोंगडं मीच कोंबलं होतं रे. माझ्या या हातांनी." लोक म्हणायचे, असं चारचौघांत कशाला सांगतोस? तो सांगायचाच.

लढाई संपली, टाकी उतरली. १९४८ला मालकानं मला काढून टाकलं. गेल्या दसऱ्याला धर्मा मैनेला घेऊन आला. तिनं माझ्या बॉनेटवर झेंडूचं फूल ठेवलं.

"बा, हीच ना ती?"

"हीच. पण चूक तिची नवती गो. मी तिला लाथ घातली, ती मात्र तुज्यासाठी थांबली."

मला एवढंच मागायचं आहे. शेगडी असो की लॉरी, कोळसा धुमसत असेल तिथं फटी बुजवू नका. लेकराला थंडी वाजू द्या.