भेगेत बसलेला हिरा

मी हिरा बोलतोय. लगेच कुणाच्या अंगठीकडे बघू नका. मी धुळीच्या कणाहूनही बारीक आहे, आणि माझ्यामुळे एक चांगली मुलगी तोंडघशी पडली.

माझा जन्म कारखान्यातला. शिसपेन्सिलीत असते तसली काळी पूड यंत्रात दाबून, तापवून आम्हाला घडवलं आणि तेलकट लेपात कालवून नळीत भरलं. खडक घासून चकचकीत करणं, एवढंच आमचं काम.

ती नळी एका प्रयोगशाळेतल्या काकांकडे आली. काका तीस वर्षं खडकाच्या काचपट्ट्या करत होते. दगडाचा काप काचेवर चिकटवून इतका पातळ घासायचा की आरपार उजेड यावा, शेवटी आमचा लेप लावायचा, मग पट्टी यंत्रात घालून स्वच्छ धुवायची, हा त्यांचा शिरस्ता.

संशोधन करणारी ती मुलगी त्यांच्याकडे एक खडक घेऊन आली. समुद्रतळाच्या गाळाचा झालेला. तिचं म्हणणं, हा गाळ कधीतरी जमिनीखाली शंभर किलोमीटर ओढला गेला आणि पुन्हा वर आला. तिचे सर हसायचे. "तितक्या दाबाखालीच होणारं एखादं खनिज यात दाखव, मग बोलू," म्हणायचे. चार वर्षं ती तेच शोधत होती.

त्या दिवशी धुण्याचं यंत्र बंद पडलं होतं.

"काका, आज मिळेल का पट्टी? उद्या सर परगावी चाललेत."

"धुवायची राहिलीय गं."

"नुसती पुसून द्या ना."

काकांनी फडक्याने पुसली. खडकात गार्नेट नावाच्या लालसर खनिजाचे दाणे होते, त्यातल्या एकाच्या भेगेत मी अडकून राहिलो.

सूक्ष्मदर्शकाखाली तिला मी दिसलो. लेझरच्या तपासणीत उत्तर आलं, हिरा. ती खुर्चीत बसल्या बसल्या रडायला लागली. लेख छापून आला, त्यात काकांचे आभारही होते. काकांनी ते पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. लाज वाटते सांगायला, पण त्या कौतुकाने मीसुद्धा फुगलो होतो.

सहा महिन्यांनी दुसऱ्या विद्यापीठातल्या एका बाईंचं पत्र आलं. हा कण गार्नेटच्या पोटात नाही, वरच्या भेगेत दिसतो. घासायला काय वापरलं होतं?

ती काकांकडे गेली.

"हिऱ्याचाच लेप," काका खाली बघत म्हणाले. "मी नाही म्हणायला हवं होतं."

"घाई माझी होती, काका."

तिने लेख स्वतःहून मागे घेतला. सर तिला चारचौघांत 'हिरेवाली' म्हणू लागले. वर्षभरात तिने तो खडकच सोडला. आता ती विहिरींचं पाणी तपासते. काकांनी कपाटाच्या दारावरचं पान खरवडून काढलं. आमच्या पट्टीवर लाल शाईने 'बाद' लिहून तिला खोक्यात टाकलं.

हे सगळं मी सोसलं असतं. पण माझ्यापासून नखभर अंतरावर दुसरं एक गार्नेट आहे. त्याच्या अगदी पोटात, चारी बाजूंनी बंद, कोएसाइटचा एक कण बसलाय. साध्या वाळूतलं क्वार्ट्‌झ नव्वद-शंभर किलोमीटर खाली दाबलं गेलं, की त्याचं कोएसाइट होतं. तो गाळाबरोबर खरंच तिथे जाऊन आलाय. आणखी पाच मिनिटं पट्टी सरकवली असती तर तो तिला सापडला असता. पण तिला आधी मी दिसलो आणि तिने शोधणं थांबवलं.

मला टाचणीने उपटून फेका, माझी तक्रार नाही. फक्त ही बाद पट्टी एकदा भिंगाखाली धरा, आणि त्या मुलीला जाऊन सांगा की तिचं बरोबर होतं.