ऑक्सिजनवरचा भार

ऋतिकानं फळ्यावर इथेनॉलभोवती गोल केला आणि खडू खाली ठेवला.

"जास्त ॲसिडिक हे."

जया टीचरांनी कपाळाला हात लावला. फिनॉल सोडून आजही इथेनॉलच! त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"प्रोटॉन निघून जातोय गं, पण मागं ऋणभार उरतोय. फिनॉलात तो अख्ख्या रिंगेत वाटला जातोय, म्हणून प्रोटॉन सोडायला जड जात न्हाय. इथेनॉलात सगळा भार एकट्या ऑक्सिजनच्या गळ्यात. तो कशाला सोडंल?"

"व्हय टीचर."

टीचर खानापूरच्या कॉलेजातून निवृत्त झाल्या, तेव्हा मराठी शाळेतून आलेली आणि पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, इंग्रजीला बिचकणारी पोरं त्यांच्या पडवीत दाटीवाटीनं बसायची. हळूहळू सगळी बेळगावच्या क्लासला गेली. उरली ही नंदगडची ऋतिका. तिच्या वडिलांनीही तिथं नाव घातलं होतं, पण ती हलायला तयार नव्हती. सीईटी तोंडावर आली होती. टीचरांना काळजी वाटायची आणि, खोटं कशाला बोला, बरंही वाटायचं. दिवसभरात त्यांच्याशी बोलणारं दुसरं होतंच कोण?

त्यांनी फळ्यावर फिनॉल आणि नायट्रोफिनॉल लिहिलं. ऋतिकानं क्षणभरही न थांबता नायट्रोफिनॉलभोवती गोल केला.

"रिंगेतला भार नायट्रो ग्रुप आणखी ओढून घेतोय. म्हणून हे जास्त."

टीचर तिच्याकडं बघतच राहिल्या. पहिलं कळल्याशिवाय हे कळणं शक्यच नव्हतं. पोरगी त्यांच्यासाठी मुद्दाम चुकत होती. त्यांना भरून आलं, आणि लाजही वाटली.

"तुला सांगायचं राहिलंच बघ," पाठमोऱ्या होऊन फळा पुसत त्या म्हणाल्या. "मी सूरजकडं चाललेय, बेंगळूरला. कायमची. पोरगा लई मागं लागलाय."

"खरंच? म्हणजे तुम्ही हितं एकट्या न्हाय ऱ्हाणार?"

"एकटी कशाला? नातवंडं हायत की. तू सोमवारपासनं बेळगाव गाठ."

ऋतिकाचा चेहरा एकदम मोकळा झाला. पाया पडून ती निघाली आणि फाटकाशी वळून हसली.

बेळगावहून नंदगडला जाणारी बस टीचरांच्या घरावरूनच जायची. सोमवारी संध्याकाळी ती यायच्या सुमारास त्यांनी पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं. मग घराला वळसा घालून त्या मागच्या दारानं आत आल्या आणि दिवा न लावता बसून राहिल्या.